छापील वाचन, ऑनलाइन शोध आणि विद्यार्थ्यांची स्मृती (धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात)

पुस्तकात वाचलेले आणि मोबाइलवर शोधून मिळवलेले विद्यार्थ्याच्या सारखेच लक्षात राहते का, हा शैक्षणिक मानसशास्त्रातील अभ्यासविषय आहे. धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात तो रोजच्या व्यवहाराचा भाग आहे. शाळेचे पुस्तक बालभारतीचे, गृहपाठाचे उत्तर गूगलवरचे, स्पर्धा परीक्षेच्या नोट्स टेलिग्रामवरच्या पीडीएफमधल्या आणि त्याच नोट्सची झेरॉक्स अभ्यासिकेतल्या टेबलावर, असे चित्र तुळजापूर, उमरगा किंवा कळंब कुठेही दिसते. आठ तालुक्यांचा हा जिल्हा २०१८ मध्ये केंद्र सरकारच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आला. त्या कार्यक्रमात शिक्षणाची प्रगती स्वतंत्रपणे मोजली जाते. ज्या घरात पाठ्यपुस्तकांपलीकडे पुस्तक नाही, तिथे मोबाइल हेच वाचनालय असते. अशा ठिकाणी ‘मोबाइल वाईट, पुस्तक चांगले’ एवढे म्हणून भागत नाही.

मराठी छापील पाठ्यपुस्तक या भागात सहजासहजी आलेले नाही. १९४८ पर्यंत जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. माध्यमिक शिक्षण मुख्यतः उर्दूतून चाले आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचेच होते. मराठी टिकली ती पाठांतरावर : पाढे, पावकी-निमकी, पोथ्यांची पारायणे आणि तेरच्या संत गोरोबाकाकांसारख्यांचे वारकऱ्यांना मुखोद्गत असलेले अभंग. मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये आले, बालभारती १९६७ मध्ये. त्यामुळे मराठी पुस्तक हाती धरून शिकलेली आणि मोबाइलवर शिकणारी अशा दोन पिढ्यांत इथे फार अंतर नाही.

ऑनलाइन शोधाच्या परिणामांवर सर्वाधिक गाजलेला अभ्यास बेट्सी स्पॅरो, जेनी लिऊ आणि डॅनियल वेगनर यांनी २०११ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध केला. माहिती संगणकात साठून राहणार आहे असे ज्यांना वाटत होते, त्यांना ती कमी आठवली. ती पुसली जाणार असे वाटणाऱ्यांना जास्त आठवली. माहिती काय होती यापेक्षा ती कुठे ठेवली आहे हे अधिक लक्षात राहते, असेही दिसले. वेगनर यांनी याआधीच स्मृतीच्या वाटपाची कल्पना मांडली होती : नात्यागोत्यांचे तपशील आजीला ठाऊक असतात म्हणून घरातले इतर जण ते लक्षात ठेवत नाहीत, तसेच हे. मात्र याच अभ्यासातील एक प्रयोग २०१८ मध्ये इतर संशोधकांनी पुन्हा केला, तेव्हा त्याचा मूळ निष्कर्ष मिळाला नाही. म्हणून ‘गूगलने स्मरणशक्ती गेली’ हे सरसकट विधान टिकत नाही.

खरी काळजी वाटावी असा मुद्दा वेगळा आहे. मॅथ्यू फिशर, मॅरिएल गोडू आणि फ्रँक काइल यांनी २०१५ मध्ये दाखवले की, इंटरनेटवर स्पष्टीकरणे शोधल्यानंतर माणसाला आपल्याला एकूणच जास्त समजते असे वाटू लागते. ज्या विषयाचा शोध घेतलेलाच नाही, त्याबद्दलही. वर्गात याचा अनुभव येतो. ‘कारणे द्या : धाराशिव जिल्ह्यात पाऊस कमी पडतो’ या स्वाध्यायाला मोबाइलवर क्षणात उत्तर सापडते : सह्याद्रीच्या पर्जन्यछायेचा प्रदेश. मुलगा ते वळणदार अक्षरात वहीत उतरवतो. मग शिक्षक विचारतात, ‘अरे, मग महाबळेश्वरला एवढा पाऊस का?’ आणि मुलगा गप्प होतो. शब्द मिळाला, पण वारे डोंगर चढताना थंड होतात, पाऊस तिथेच पडतो आणि पलीकडे उतरताना वारे कोरडे होतात, ही साखळी मनात तयार झालेली नसते. उत्तर बरोबर असल्यामुळे ही उणीव मुलाला स्वतःला कळत नाही, आणि नुकसान इथेच होते.

छापील मजकुराची बाजू बऱ्यापैकी भक्कम आहे. पाब्लो डेल्गाडो आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये ५४ अभ्यासांचे, १ लाख ७१ हजारांहून अधिक वाचकांचे एकत्रित विश्लेषण केले. कागदावर वाचणाऱ्यांचे आकलन सरस ठरले. माहितीपर मजकुरात हा फरक स्पष्ट दिसला, कथेत तो दिसला नाही. वेळेचे बंधन असताना तो वाढला. नवी पिढी पडद्याला सरावली की फरक मिटेल, ही अपेक्षाही खोटी ठरली. २००० पासूनच्या काळात तो वाढतच गेलेला दिसला. पडद्यावर वाचक भरभर पुढे सरकतो आणि आपल्याला समजले असे लवकर ठरवतो, हे एक कारण सांगितले जाते. दुसरे कारण जागेच्या खुणेचे. ‘तो तक्ता उजव्या पानावर, खाली चौकटीत होता’ असे परीक्षेत आठवणारे विद्यार्थी पुष्कळ असतात. सरकत्या पडद्यावर मजकुराला अशी ठरलेली जागा राहत नाही.

तरीही नुसता कागद पुरत नाही, याचे उदाहरण जिल्ह्याच्या शेजारीच आहे. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्याचाच भाग होते आणि आजही धाराशिवची असंख्य मुले दहावीनंतर तिकडे जातात. तिथल्या ‘लातूर पॅटर्न’ या परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीचा गाभा म्हणजे प्रश्नसंच, सराव परीक्षा आणि पुन्हा सराव परीक्षा. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांच्या २००६ मधील प्रयोगांशी हे जुळते : उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले, पण आठवड्यानंतर स्वतःची चाचणी घेणारे पुढे होते. पॅटर्नमुळे मुलांवर येणारा ताण आणि घोकंपट्टी यांवरची टीका योग्य आहे. चाचणीतून स्मृती पक्की होते हेही तितकेच खरे. शोधालाही हाच नियम लागू पडतो. आधी स्वतः उत्तर देण्याचा प्रयत्न करून मग गूगल करणाऱ्यांचे शिकणे अधिक टिकते, असे २०२१ च्या एका अमेरिकी अभ्यासात आढळले.

दोन्ही माध्यमे जोडण्याचा मोठा प्रयोग शेजारच्याच सोलापूर जिल्ह्यात झाला. परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकात क्यूआर कोड वापरले. २०१७ मध्ये राज्याने ते सर्व इयत्तांसाठी स्वीकारण्याचे जाहीर केले आणि २०२० मध्ये डिसले यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. यात शोध भरकटत नाही, कारण मूल पाठ वाचता वाचता त्याच पानावरून पूरक व्हिडिओकडे जाते. याउलट २०२३-२४ मध्ये पाठ्यपुस्तकांतच नोंदींसाठी कोरी पाने देण्यात आली. मुले ती फारशी वापरत नाहीत आणि वह्या वेगळ्या आणतातच, असे आढळल्यावर जानेवारी २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. कल्पना चांगली होती. नोंद स्वतःच्या शब्दांत कशी करायची हे मात्र पान देऊन येत नाही, ते वर्गात शिकवावे लागते.

मोबाइल तर मुलांच्या हाती आलेलाच आहे. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या ग्रामीण भारतावरील २०२४ च्या अहवालानुसार १४ ते १६ वयोगटातील ८० टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. मराठीतून शोधणाऱ्याच्या वाट्याला बरेचदा हिंदी व्हिडिओ किंवा यंत्राने केलेले भाषांतर येते. मराठी विश्वकोशाचे २० खंड इंटरनेटवर मोफत उपलब्ध आहेत, आणि मुलांना त्यांचा पत्ता देणे हे शाळेच्या ग्रंथपालाला आजही करता येण्याजोगे काम आहे.