चवदार तळ्यावर लोक का गेले?

चवदार तळ्याची हकिकत आपल्या वस्तीतल्या लहान पोरालाही पाठ आहे. परमपूज्य बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी उचललं आणि इतिहास घडला, इथं ती बहुतेक वेळा संपते. पण त्यांच्या मागून हजारो माणसं चालत होती, त्यांचं काय? ती १९२७ सालीच का निघाली, आधी का नाही?

कारण कागदावर तळं आधीच खुलं झालेलं होतं. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा ठराव पास झाला. जानेवारी १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही तसाच ठराव केला. तरी तीन वर्षं अस्पृश्य समाजाला तिथं घागर भरता आली नाही.

याला कोणी भेकडपणा म्हणेल, मला ते पटत नाही. एकट्यानं घागर बुडवली असती तर मार त्यालाच बसला असता. वर बलुतं बंद, वाट बंद, दुकानदार मीठमिरची देणार नाही. शेजाऱ्यालाही मनातून तेच पाणी प्यायचं असतं, पण याच्या मनातलं त्याला ठाऊक नाही, त्याच्या मनातलं याला नाही. प्रत्येकाला वाटतं, बाकीचे येणार नाहीत. आज मिटिंगला माणसं आली नाहीत की आपण लगेच ‘समाज झोपला’ म्हणून मोकळे होतो. तेव्हाही कुणी तसं म्हटलं असेल!

ही गाठ १९ आणि २० मार्च १९२७ च्या कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेत सुटली. अर्थात जमीन आधीपासून नांगरलेली होती. लष्करातून हवालदार म्हणून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर याच भागातले, महाडजवळच्या रावढूळचे. त्यांनी १८८८ साली ‘विटाळ विध्वंसन’ लिहिलं. या भागात पेन्शनर शिपाई बरेच होते. त्यांनी जग पाहिलेलं होतं. परिषदेसाठी दासगावच्या रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण खपले. पंधरा वर्षांच्या पोरापासून सत्तरीच्या म्हाताऱ्यापर्यंत माणसं भाकऱ्या बांधून लांबून चालत आली. आणि परिषदेला पाणी लागलं ते चाळीस रुपये मोजून स्पृश्यांकडून विकत घ्यावं लागलं. गावात तळं, आणि पाणी विकत! हे सगळ्यांनी एकाच वेळी, एकाच मंडपात बसून पाहिलं. आपल्यासारखे किती आहेत तेही पाहिलं. दुसऱ्या दिवशी अनंतराव चित्रे यांनी तळ्यावर जाण्याची सूचना मांडली, तेव्हा कुणाला एकट्यानं पहिलं पाऊल टाकायचं नव्हतं. चारचारच्या रांगा करून लोक निघाले आणि पाणी प्याले.

पुढचा मार सर्वांना माहीत आहे. वीरेश्वराच्या देवळात हे घुसणार अशी आवई उठली आणि मंडपातल्या, वाटेवरच्या माणसांवर लाठ्या पडल्या. आपल्याकडचे पेन्शनर शिपाई हात चोळत हुकमाची वाट बघत होते. बाबासाहेबांनी हुकूम दिला नाही. ४ ऑगस्ट १९२७ रोजी नगरपालिकेनं आपला ठरावही मागं घेतला; बोले ठरावाला त्या दिवशी बरोबर चार वर्षं झाली होती.

मला मार्चपेक्षा डिसेंबर मोठा वाटतो. २५ डिसेंबरला पुन्हा परिषद भरली, मनुस्मृतीचं दहन झालं. सत्याग्रहासाठी चार हजारांच्या आसपास नावं नोंदली गेली. तुरुंगात जायची तयारी करूनच माणसं आली होती. पण विरोधकांनी कोर्टाकडून मनाई हुकूम आणला होता. बाबासाहेबांनी थांबायला सांगितलं. पेटलेल्या गर्दीला हे सांगणं सोपं नव्हतं, आणि ऐकणं त्याहून अवघड. लोकांनी ऐकलं. तळ्याला वळसा घालून मिरवणूक पाणी न पिता परत आली. मार्चमध्ये भीती गेली होती. आता त्या गर्दीची संघटना झालेली दिसली.

खटला दिवाणी कोर्टातून वर वर चढत गेला. मुंबई हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. पहिल्या रांगेतली पंधरा वर्षांची पोरं तोवर पंचविशीची झाली होती.