सिमेंटच्या कारखान्यात वसलेले घर

कारखाना बंद पडला की त्याची इमारत पाडून जमीन मोकळी करण्याकडेच सर्वसाधारण कल असतो. स्पेनमधील वास्तुविशारद रिकार्दो बोफिल (१९३९-२०२२) यांनी वेगळा मार्ग निवडला. बार्सिलोनालगतच्या सांत जुस्त देस्वेर्न येथे १९७३ मध्ये त्यांच्या दृष्टीस सिमेंटचा एक जुना कारखाना पडला. त्याचेच रूपांतर त्यांनी आपल्या निवासस्थानात व कार्यालयात केले. 'ला फाब्रिका' म्हणजे 'कारखाना' हेच नाव या वास्तूने धारण केले.

मूळ कारखान्यात सिमेंट साठवण्याची तीसहून अधिक उंच गोल कोठारे, यंत्रांची अवाढव्य दालने आणि जमिनीखाली भुयारांचे जाळे होते. रूपांतराचा आरंभ बांधकामाने नव्हे, तर पाडकामाने झाला. अनावश्यक भाग सुरुंग व यांत्रिक हातोड्यांनी फोडून काढण्यात आले आणि कोठारांपैकी आठच राखली गेली. त्यांत कार्यालये व ग्रंथालय आले. 'कॅथीड्रल' नावाचे सुमारे दहा मीटर उंचीचे दालन सभा, प्रदर्शने व मैफलींसाठी वापरले जाऊ लागले. दफ्तर व वास्तूंच्या प्रतिकृतींची कार्यशाळाही थाटण्यात आली. काँक्रीटच्या उघड्या भिंतींवर वेली चढल्या; सभोवती निलगिरी, ताड, ऑलिव्ह व सुरू जातीचे वृक्ष लावण्यात आले.

अशा वास्तूत तळघर हा सर्वांत नाजूक भाग ठरतो. यंत्रांसाठी खोदलेल्या जागेत ओल, कोंदट हवा व अंधार यांची पर्वा केलेली नसते. माणसाला मात्र त्यांचा त्रास होतो. त्यामुळे भूजलाची पातळी तपासणे, भिंतींना जलरोधक थर देणे, वायुवीजनाची सोय करणे व बाहेर पडण्यास दुसरा मार्ग ठेवणे अगत्याचे असते. जमिनीत मुरलेले तेल वा रसायने आणि छपरातील अॅस्बेस्टॉस यांची तपासणी राहण्यास जाण्यापूर्वीच व्हावी लागते. तळघर आणखी खोल करायचे असल्यास जुना पाया एकदम उघडा न पाडता, लहान लहान टप्प्यांत त्याला खालून आधार द्यावा लागतो. अन्यथा संपूर्ण भिंत खचण्याचा धोका असतो.

जुन्या कारखान्यात भक्कम बांधणी, उंची व मोकळी जागा आयती लाभते. परंतु काय राखावे आणि काय पाडावे, याचा विवेक मात्र घर करणाऱ्यालाच दाखवावा लागतो.