सालिग्राममचं अर्धवट घर

कोडंबाक्कम आणि वडपळनी हा चेन्नईतला सिनेमावाल्यांचा पट्टा. एव्हीएम स्टुडिओ इथे आला तो १९४८ साली. गाणी, मारामाऱ्या आणि टाळ्या घेणारे संवाद इथूनच गावोगाव गेले. बालू महेंद्र यांनी याच पट्ट्याला लागून असलेल्या सालिग्रामममध्ये ‘वीडु’ हा चित्रपट केला, एकही गाणं नसलेला. मी लग्न होऊन या शहरात आले, तमिळ शिकले, आणि हा सिनेमा मला इथल्या कुठल्याही देवळाइतका मोलाचा वाटतो.

बालू महेंद्र मूळचे श्रीलंकेचे. छायालेखन शिकले आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. ‘वीडु’चं दिग्दर्शन, छायालेखन आणि संकलन तिन्ही त्यांचंच. घरमालकानं जागा सोडायला सांगितल्यावर नोकरी करणारी सुधा स्वतःचं घर बांधायला काढते, एवढीच गोष्ट. पण ते घर सेटवर उभं केलेलं नव्हतं. सालिग्राममच्या खऱ्या जमिनीवर त्याच्या भिंती चढत गेल्या. पैसे संपतात, पाऊस येतो, कंत्राटदार फसवतो. पडद्यावर काळ सरतो तो विटांच्या थरांनी.

सुधाचे आजोबा मुरुगेसन झालेत चोक्कलिंग भागवतर. एके दिवशी कुणालाही न सांगता ते भर उन्हात छत्री घेऊन, बस पकडून बांधकाम बघायला जातात. छप्पर नाही, दारं नाहीत. ते या खोलीतून त्या खोलीत फिरतात, ओबडधोबड भिंतींवरून हात फिरवतात. संवाद नाही. इळैयाराजांच्या ‘हाऊ टु नेम इट?’ या १९८६च्या अल्बममधलं संगीत तेवढं सोबतीला. परतीच्या वाटेवर म्हातारा कोसळतो. कॅमेऱ्यानं इतका वेळ दिला नसता तर त्यांचं जाणं ही कथेतली नुसती एक घटना झाली असती. इथे आपण आधी त्यांचा आनंद पुरेपूर बघतो, म्हणून दुःख आपलंही होतं.

माझ्या सासूबाई साताऱ्याहून आल्या होत्या तेव्हा त्यांना हा सिनेमा दाखवला. तमिळचा गंध नाही. त्या प्रसंगाला मात्र त्यांनी माझा हात धरला आणि म्हणाल्या, “अगं, भिंत कशी कुरवाळतोय बघ. नका जाऊ म्हणावं त्यांना आता.”

सुधा झालेल्या अर्चनाला या भूमिकेसाठी अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि ‘वीडु’ सर्वोत्कृष्ट तमिळ चित्रपट ठरला. पुढच्याच वर्षी, १९८९मध्ये, आलेल्या ‘संध्या रागम्’मध्ये याच भागवतरांनी, बायको गेल्यावर गाव सोडून मद्रासला पुतण्याकडे येणारा म्हातारा उभा केला. दोन्ही चित्रपट जोडीनं बघावेत असं मला वाटतं.

सालिग्राममच्या त्याच घरात पुढे बालू महेंद्र यांची ‘सिनेमा पट्टरै’ ही शाळा भरू लागली. ‘वीडु’ची मूळ निगेटिव्ह मात्र उरली नाही. ते स्वतः हे खेदानं सांगत. २०१४ साली ते गेले. ज्या भिंतींवर त्यांनी इतका संथ, प्रेमळ प्रकाश टिपला, त्या भिंती आज आपण धूसर प्रतींत बघतो, याचा मला मनापासून राग येतो.