या अळीचे आईबाप कोण?

फिलाडेल्फियाचे आयझॅक ली म्हणजे शंखशिंपल्यांतले बडे जाणकार. १८३४ मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातली एक नवी गोगलगाय जाहीर केली. शंख बळकट व्हावा म्हणून ती वाळूचे कण चिकटवते, अशी नोंदही केली. शंखाचं वेटोळं अस्सल दिसत होतं, पण आत गोगलगाय कधी नव्हतीच. कॅडिसमाशीच्या अळीनं तोंडातल्या रेशमानं वाळू सांधून बांधलेलं ते घर होतं.

प्राणिशास्त्र शिकवताना हा किस्सा मी हमखास सांगतो. मुलं हसतात. मग ओढ्यातली कॅडिसमाशीची एक अळी सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून मी तिची जात विचारतो. छातीच्या तिन्ही खंडांवर कडक ढाली, पोटाखाली फांदीदार कल्ले. म्हणजे जाळं विणणारं हायड्रोसायकिडी कुळ. एवढं सांगता येतं, पुढे गाडी अडते. या कीटकांची जात ठरते ती मुख्यतः पंख फुटलेल्या नराच्या जननांगांवरून, आणि अळीत ती अजून घडलेलीच नसतात.

जुन्या मंडळींकडे दोन उपाय होते. एक, अळी पाळून माशी बाहेर पडेपर्यंत थांबायचं. पण वाहत्या पाण्यातल्या अळ्या टाकीत टिकणं कठीण. दुसरा, पिकलेला कोश शोधायचा. चिमट्यानं घर उकललं की बऱ्याचदा मागच्या टोकाला अळीनं टाकलेल्या डोक्याच्या, छातीच्या ढाली चुरगळून पडलेल्या सापडतात आणि कोशाच्या पातळ कातडीतून नराची जननांगं दिसतात. लहानपण आणि तरुणपण, दोन्हींचा पुरावा एकाच घरात! पण असा कोश नेमक्या वेळी हाती लागायला नशीब लागतं.

मग तिसरा उपाय आला, डीएनएचा. तो एकाच जातीच्या अळीत आणि माशीत जुळतो. २००३ मध्ये कॅनडातल्या पॉल हेबर्ट यांनी सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा प्राण्यांची जात ओळखणारा बारकोड म्हणून पुढे आणला. २००७ मध्ये झोऊ, केर आणि मोर्स यांनी तो तुकडा व जोडीला २८एस जनुकाचा एक भाग वापरून चीनमधल्या याच कुळातल्या अळ्या आणि माश्यांच्या जोड्या लावल्या.

पण जोडी लावायची तर माशीला आधी कुणीतरी नाव दिलेलं हवं. भारतातल्या कितीतरी माश्यांना मार्टिन मोसली यांनी १९३०च्या दशकात मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात नावं दिली, तीही जननांगं पाहूनच. आणि अळीचं नाव कळलं तरी तिच्या डोक्यावरचे ठिपके, केस, कल्ले लिहून काढावेच लागतात. नदीकाठी भिंग घेऊन बसणाऱ्याला तेच उपयोगी पडतं. म्हणून आमच्याकडे डीएनएसाठी अळीचा एकच पाय काढतात. बाकी अळी अल्कोहोलच्या बाटलीत जपून ठेवतात, कारण वर्णन तिच्यावरूनच करायचं असतं.