एका फळीचा वंशविस्तार

दहावीची परीक्षा घेतं ते बोर्ड, दुकानावर लागतो तो बोर्ड आणि गरीब विद्यार्थ्यांची राहण्याजेवण्याची सोय करतं ते बोर्डिंग. मराठीने लिंगसुद्धा वेगवेगळं दिल्यामुळे ही मंडळी एकाच घरची आहेत, हे चटकन ध्यानात येत नाही. जुन्या इंग्रजीत बोर्ड म्हणजे लाकडाची फळी. एवढ्याशा फळीतून इतके अर्थ फुटले, याला इंग्रजीचा लहरीपणा म्हणण्याची पद्धत आहे. वस्तुस्थिती उलटी आहे. अर्थ उडी मारत नाही. तो शेजारच्या वस्तूला चिकटत पुढे सरकतो.

मध्ययुगीन इंग्लंडात जेवणाच्या वेळी लाकडी घोड्यांवर फळ्या टाकत आणि जेवणं आटोपली की त्या उचलून ठेवत. म्हणून फळी म्हणजेच मेज झालं. मेजावर येणारं अन्नही बोर्ड झालं, आणि राहण्यासोबत ते देणारी जागा बोर्डिंग. शाहू महाराजांनी 1901 मध्ये कोल्हापुरात सुरू केलेल्या व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगचं नाव या शाखेतलं. दुसरीकडे, मेजाभोवती बसून निर्णय घेणारे लोकही बोर्ड ठरले. ब्रिटिश अमदानीतली लोकल बोर्डं आणि आजचं परीक्षा मंडळ त्यांच्या वंशातलं. डॅशबोर्डची गोष्ट तर आणखी बोलकी. घोडागाडी हाकणाऱ्याच्या पुढ्यात, टापांनी उडणारा चिखल अडवायला, एक आडवी फळी असे. मोटार आली, घोडे गेले, पण नाव टिकलं आणि पुढे त्याच जागी वेगाचे काटे बसले.

यावर एक रास्त आक्षेप आहे. जहाजावर चढण्याच्या अर्थाचं बोर्ड फळीतून आलेलं नाही. काठ, कड किंवा जहाजाची बाजू या अर्थाचा दुसरा एक जुना शब्द त्याच्यामागे आहे. विमानतळावरचा बोर्डिंग पास हा त्या घरचा. हे दोन्ही शब्द उच्चाराने इतके जवळचे होते की जुन्या इंग्रजीतच ते एकमेकांत मिसळले. म्हणजे कुळ अगदी शुद्ध नाही, हे मान्य. पण इथेही अर्थ सरकला तो तसाच: जहाजाच्या कडेवरून जहाजावर, तिथून आगगाडीत आणि विमानात.

एका शब्दावर इतका भार टाकणं ही भाषेची गरिबी, असंही कुणी म्हणेल. मग आपण काय करतो? केळीच्या पानावर वाढतात म्हणून ‘पानं वाढली’ म्हणजे जेवण तयार, आणि लग्नात ‘पाचशे पानं उठली’ म्हणजे पाचशे माणसं जेवली. ताटं स्टीलची झाली तरी पानं वाढली जातातच, आणि कुणाचाही घोटाळा होत नाही. आजूबाजूचे शब्द अर्थ नेमका करतात. तेव्हा शिक्षकांनी इंग्रजी शब्दाचे दहा अर्थ मुलांकडून घोकून घेण्याऐवजी त्यातला पहिला कोणता आणि पुढचा त्याला कुठे चिकटला, एवढं सांगावं. पाठांतराचा निम्मा बोजा तिथेच उतरेल.