व्हिसाची वैद्यकीय तपासणी आणि डर्बनच्या बंदरातील दोन जहाजे

१/५ अमेरिकेत कायम वास्तव्यासाठी निघालेले नाशिकच्या इंदिरानगरातील कुटुंब आज नियुक्त डॉक्टरांकडे जाते. छातीचा एक्स-रे, रक्ततपासणी, लसीकरणाच्या नोंदी. या प्रथेचा एक जुना धागा मुंबई बंदरात सापडतो.

२/५ सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेग उघडकीस आला. नोव्हेंबरअखेरीस ‘कुरलँड’ आणि ‘नादेरी’ ही जहाजे तेथून निघाली. ‘कुरलँड’वर गांधीजी सहकुटुंब होते.

३/५ डिसेंबरात जहाजे डर्बनला पोहोचली. त्यांवर प्लेगचा एकही रुग्ण नव्हता. तरीही विलगीकरणाची मुदत वाढतच गेली आणि उतारूंना तीन आठवड्यांहून अधिक काळ अडकवून ठेवले गेले. किनाऱ्यावर गोऱ्यांची मागणी एकच होती : यांना परत पाठवा. १३ जानेवारी १८९७ रोजी उतरलेल्या गांधीजींवर जमावाने हल्ला केला.

४/५ त्याच वर्षी नाताळ वसाहतीने कायदा केला. भयंकर संसर्गजन्य रोग झालेल्यांना त्याने मज्जाव केला. युरोपीय भाषेत अर्ज लिहू न शकणाऱ्यांनाही.

५/५ क्षयासारखा रोग वेळीच ओळखणे योग्यच. तथापि अशा प्रत्येक तपासणीला एक कसोटी लावावी : माणूस निरोगी ठरल्यावर दार उघडते का? डर्बनला ते उघडले नव्हते.