वजन कुणाचं, शिक्का कुणाचा

वजनमापं तपासण्यात माझी उभी नोकरी गेली. बिडाच्या वजनाला भोक असतं, त्यात शिसं भरतात आणि शिशावर खात्याचा शिक्का उठवतात. म्हणून दुकानात शिरलं की वजन आधी उलटंपालटं करून ते शिसं बघायचं. उकरलं असेल तर लगेच कळतं. इजिप्तमधल्या जुन्या काचेच्या वजनांबद्दल वाचलं, तेव्हा मनात आलं, या मंडळींनी भोकच ठेवलं नाही!

उमय्यद खलिफा अब्दुल मलिकने इ.स. 696-97च्या सुमारास नाणी नव्यानं पाडायला घेतली. तोवर बाजारात बायझंटाइन सोनं आणि इराणी चांदी असा दुहेरी कारभार होता. नवा दिनार सुमारे 4.25 ग्रॅमचा, दिरहम 2.97च्या आसपास, 7 दिनार आणि 10 दिरहम तराजूत सारखे. पण कडा कातरलेलं नाणं ओळखायचं कसं? त्यासाठी इजिप्तमध्ये काचेच्या चकत्या आल्या. वितळलेल्या काचेवर ठसा दाबायचा. त्यात माप पुरं द्यावं ही देवाची आज्ञा आणि हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव. 709 ते 714 तिथला सुभेदार असलेल्या कुर्रा इब्न शरीकच्या नावाची वजनं आजही सापडतात. काच गंजत नाही, आणि कुणी कानस लावली तर ओरखडा लपत नाही. आमच्या शिशापेक्षा ही युक्ती सरस, हे मान्य करावंच लागेल.

नाण्यांचं जमलं, किराण्याचं नाही. मालाचं वजन रत्लमध्ये. दमास्कसचा रत्ल 600 दिरहमांचा, कैरोचा 144. नाव एकच, वजन चौपटीहून जास्त! आपण हसायला नको. मुंबईचा जुना शेर 28 तोळ्यांचा आणि बंगाली 80चा होताच. त्याही आधीची एक परंपरा मला फार व्यवहारी वाटते: वजन मक्केचं धरावं, माप मदिनेचं. मक्का सोन्याचांदीच्या व्यापाऱ्यांची, मदिना खजुराच्या बागांची. ज्याचा जो धंदा, त्याचं ते प्रमाण.

बाजारावर नजर ठेवणारा तो मुहतसिब. बाराव्या शतकात अल-शैझरीने त्याच्यासाठी मार्गदर्शिका लिहिली. तो म्हणतो, वजनं लोखंडाची घ्या. दगडाची एकमेकांवर आपटून झिजतात. लोखंड मिळालंच नाही, तर दगड चामड्यात मढवून त्यावर शिक्का मारा. हे वाचून मी खुर्चीतून उठलोच. आमच्या पडताळणी-मुद्रांकनाचा नियम याहून वेगळा काय आहे?

आधुनिक काळात किलोग्रॅम आला आणि रत्लचा घोळ बव्हंशी मिटला. प्रश्न उरला शिक्क्याचा. आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांनी 2003 साली एकच जकात-संघ केला. एका बंदरात उतरलेला माल मग उरलेल्या पाच देशांतही जायचा. त्या बंदरातल्या काट्यावर पाचांनी भरवसा का ठेवावा? पुढच्याच वर्षी रियाधमध्ये त्यांची सामाईक मानक संघटना कामाला लागली, आणि 2010च्या सुमारास मापनासाठी गल्फमेट ही संघटना. प्रयोगशाळांनी आपापली प्रमाणं एकमेकांशी ताडून पाहायची, हे त्यातलं मुख्य काम. कागदोपत्री ते चार ओळींचं दिसतं. पण दुसऱ्याच्या निरीक्षकाचा शिक्का बिनतक्रार मान्य करणं किती जड जातं, ते शेजारच्या जिल्ह्यातून शिक्का मारून आलेल्या वजनाकडे आम्ही कसे संशयानं बघायचो, त्यावरून मला ठाऊक आहे.